अंगठेबहाद्दराच्या बारा पट्ट्या

ज्याला लिहिता-वाचता येत नाही, सहीच्या जागी जो अंगठा उठवतो, त्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो. या गोष्टीतल्या अंगठेबहाद्दराला मात्र लिहिता-वाचता चांगलं येत होतं. रोजचं वर्तमानपत्र तो पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा आणि त्यातली मतं गिऱ्हाइकांना स्वतःची म्हणून ऐकवायचा. हे नाव त्याला पडलं ते उजव्या हाताच्या अंगठ्यामुळे. कॉम्प्युटरच्या रॅमची कुठलीही पट्टी त्याच्या हातात द्या, डोळे मिटून तो तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि ती कुठल्या पिढीची ते सांगून मोकळा व्हायचा. गल्लीने नाव कौतुकाने ठेवलं आणि त्यानेही ते कौतुक म्हणूनच मिरवलं.

दुकान म्हणजे एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली. पुढे काचेचं टेबल, मागे भिंतीला टेकून पोटं उघडी टाकलेली मशिनं, मधे दोन स्टुलं. स्क्रू-ड्रायव्हर दोरीने खिळ्याला बांधलेला, कारण तो मागून नेणारे बरेच होते आणि परत आणून देणारे कमी. पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर कळकटपणा चढला की घासायला शाळेतल्या मुलांचं साधं खोडरबर. जिन्यावरून कोणी उतरलं की डोक्यावर धाडधाड व्हायचं आणि पायांच्या आवाजावरून कुठल्या मजल्याचा माणूस ते त्याला समजायचं. बावीस वर्षं तो तिथे बसत होता, त्यातली एकवीस एकटा.

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती आठवण. मशीन चालू आहे तोवर डोक्यात धरायचं आणि बंद झालं की सगळं विसरायचं. बऱ्याच नवऱ्यांची असते, तशीच. ही आठवण कमी पडायला लागली की मशीन रखडतं, आणि मग लोक दुकानात येऊन म्हणतात, "रॅम वाढवून द्या." वाढवणं सोपं असतं. कुठली वाढवायची हे ओळखण्यात खरी मेख असते. पट्ट्या सगळ्या दिसायला सख्ख्या बहिणी, दोन बोटं रुंद आणि हाताच्या पंजाएवढ्या लांब, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चुकीची पट्टी कोणी दामटून बसवू नये म्हणून खालच्या कडेला एक बारीक खाच ठेवलेली असते. दुसऱ्या पिढीत ती जवळजवळ मध्यावर असते, तिसरीत एका बाजूला सरकते, चौथीत परत मध्याकडे येते आणि खालची कड पोटाशी जराशी फुगीर होते.

हे सगळं त्याच्या अंगठ्याला भंगाराच्या गोदामात समजलं होतं. विशीत तो तिथे मोडक्या मशिनांतून काढलेल्या पट्ट्या निवडायचा. पिढीप्रमाणे वेगळे ढीग लावायचे, एवढंच काम. गोदामात एक दिवा, तोही दुसऱ्या टोकाला. लेबलं तेलाने काळी झालेली किंवा अर्धी फाटलेली. तेव्हा डोळ्यांचा नाद सोडून त्याने अंगठ्यावर भिस्त ठेवली, आणि तीन वर्षांत हजारो पट्ट्या त्याच्या हाताखालून गेल्या. तिथून तो एक वाक्य घेऊन बाहेर पडला आणि पुढे जन्मभर ते गिऱ्हाइकांच्या तोंडावर मारत राहिला. "लेबल कोणीही चिकटवतं, खाच कारखान्यात पडते."

त्याची बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांची वाक्यं पेन्सिलीच्या टोकाखाली एकेक अक्षर धरून वाचली. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लग्नाच्या पत्रिका, काहीही तिच्यापुढे आलं की आधी ती त्यातली चूक काढायची आणि मगच मजकूर समजून घ्यायची. छापखाना बंद पडला तेव्हा ती महिनाभर घरात कपाटं आवरत राहिली. चौथ्यांदा तेच कपाट आवरताना तिला बघून त्याला खरंच वाईट वाटलं. "दुकानात येऊन बस," तो म्हणाला. "चार माणसं दिसतील. मी शिकवतो." हे शब्द त्याने आपल्या तोंडाने उच्चारले होते, याची पुढे तो स्वतःला पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायचा आणि चरफडायचा.

पहिले दोन महिने मजेत गेले. शिकवायला त्याला आवडायचं, विशेषतः समोरच्याला काही येत नसलं की. तिने प्रश्न विचारावेत, त्याने डोळे मिटून उत्तरं द्यावीत, तिने "कमाल आहे तुमची" म्हणावं, असं छान चाललं होतं. तिच्या अंगठ्याला मात्र खाच काही केल्या समजेना. तिसरी पिढी आणि चौथी यांत ती दर वेळी गोंधळायची, आणि तो उदार मनाने सांगायचा की होईल सवय, घाई नको. घाई होऊ नये अशीच त्याची इच्छा होती.

अंगठा चालेना म्हणून तिने आपला जुना मार्ग धरला. ती लेबलं वाचायला लागली. बारीक अक्षरांतल्या त्या लांबलचक ओळी माणसांनी वाचायच्या असतात हे त्या दुकानात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती भिंग घेऊन बसायची, पेन्सिल एकेका आकड्याखाली सरकवायची आणि वहीत उतरवून घ्यायची. कुठल्या मशीनचा बोर्ड कुठला, त्यात पट्ट्या बसवायचे स्लॉट किती, रिकामे किती, जास्तीत जास्त किती रॅम चालते, सगळं. महिनाभरात वहीची तीस पानं भरली. त्याला त्याचं हसू यायचं. छापखाना सुटला तरी मुद्रितं सुटली नाहीत, असं तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला म्हणालाही.

एके दुपारी फोटोस्टुडिओवाल्याचा फोन आला आणि त्याचं हसू बंद झालं. स्टुडिओ गावाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मशीन तिथेच. अंगठेबहाद्दर हातातलं काम करत ऐकत होता. तिने त्या माणसाला मशीनचं बाजूचं झाकण काढायला लावलं, आतल्या बोर्डावर काय लिहिलंय ते अक्षर-अक्षर वाचायला लावलं, मग आत बसलेल्या रॅमचं लेबल वाचायला लावलं. वहीची पानं उलटली. "तिसरी पिढी, साधी," ती फोनवर म्हणाली. "एक स्लॉट रिकामा आहे तुमचा. परवा या, आणून ठेवते." परवा तो आला, पट्टी घेऊन गेला आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून म्हणाला की मशीन पाखरासारखं उडतंय. तिने त्या मशीनचं तोंडही पाहिलं नव्हतं. डोळे मिटून सांगणं ही ज्याची जन्माची कमाई, त्याच्या देखत ती हात न लावता सांगून बसली होती.

त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. पित्त झालंय म्हणाला. पित्त वगैरे काही नव्हतं, त्याला हेवा वाटत होता, आणि तोही स्वतःच्या बायकोचा. परक्याचा हेवा करणं त्या मानाने सोयीचं असतं. त्याच्या दुकानावरून जाणं टाळता येतं, चार लोकांत त्याला नावं ठेवता येतात. हिच्याबरोबर तर दुकान बंद करून एकाच रस्त्याने घरी जायचं, तिनेच पुढे केलेलं पाणी प्यायचं, आणि वर तिने काळजीने विचारायचं, "पोटात दुखतंय का हो?"

मग गिऱ्हाइकं विचारायला लागली, "वहिनी आहेत का?" हा प्रश्न त्याला जितका झोंबला तितकं दुसरं काही झोंबलं नसेल. अहो, वहिनी म्हणजे भावाची बायको. तो भाऊ समोर स्टुलावर धडधाकट बसलेला असताना त्याच्याच खांद्यावरून आत डोकावून लोक विचारायचे, आणि नातं मात्र त्याच्यावरून लावायचे. तो म्हणायचा, "मला सांगा ना, काय काम आहे?" लोक म्हणायचे, "नाही, वहिनी आल्या की येतो." एका दिवसात असं किती वेळा होतं ते त्याने मोजलं. सोमवारी चार वेळा झालं. मंगळवारी सात वेळा झालं आणि बुधवारी त्याने मोजणं सोडलं, कारण बुधवारी खुद्द त्याच्या मावसभावाने तेच विचारलं.

त्याने बारीकसारीक उद्योग केले. तिचं स्टूल पंख्याच्या वाऱ्यातून काढून कोपऱ्यात ढकललं. भिंग "चुकून" मागच्या खोक्यात टाकलं. ते तिने पाच मिनिटांत शोधून काढलं आणि म्हणाली, "किती विसरता हो." गिऱ्हाइकासमोर तो तिला मधेच तोडायचा आणि लेबल कोणीही चिकटवतं हे पालुपद लावायचा. ती वहीत लिहीत राहायची. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. सकाळी कुलूप उघडताना तो मनातल्या मनात म्हणायचा, आज हिची एक तरी चूक होऊ दे, चांगली सणसणीत, लोकांच्या देखत. आणि संध्याकाळी कुलूप लावताना रिकाम्या हाताने घरी जायचा.

त्याच दिवसांत एक मोठी कचेरी बंद झाली आणि तिथल्या पट्ट्यांचं एक खोकं त्याने हौसेने उचलून आणलं. सगळ्या तिसऱ्या पिढीच्या, चकचकीत. तिने खोक्यातली वरची पट्टी उचलली, भिंगाखाली धरली आणि म्हणाली, "अहो, यांची लेबलं बघितलीत का?" त्याने तिच्या हातातून पट्टी काढून घेतली. "मी अंगठा फिरवून आणल्यात," तो म्हणाला. पुढे तिला जे सांगायचं होतं ते तिने गिळलं आणि खोकं खालच्या फळीवर ठेवून दिलं.

वाचनालयाचं काम आलं ते यानंतर आठवड्याने. वाचनालयात मोठ्या दालनाच्या एका भिंतीशी बारा मशिनं होती. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही ती माणसं तिथे बसून नोकरीचे, परीक्षांचे अर्ज भरायची. मशिनं इतकी मंद झाली होती की अर्ज भरता भरता मुदत संपायची, असं ग्रंथपाल म्हणाले. हे ग्रंथपाल उंच, हळू बोलणारे, आणि शिस्तीला पक्के होते. बाराही मशिनांत रॅम वाढवायची आणि पुढच्या सोमवारच्या आत, कारण सोमवारी कुठल्याशा भरतीचे अर्ज सुरू होणार होते. पुढे वर्षभर मशिनांची देखभालही याच दुकानाकडे द्यायचा त्यांचा विचार होता. हे सगळं ते बोलले ते तिच्याशी. अंगठेबहाद्दराकडे बघून त्यांनी मान हलवली, घराच्या दारात बसलेल्या आजोबांना बघून हलवतात तशी.

ती जाऊन मशिनं बघून आली, वहीत लिहून घेतलं, पट्ट्या मागवल्या. बुधवारी सकाळी त्या आल्या. एकेक तपासून तिने बाराच्या बारा एका खाकी पाकिटात घातल्या, ते चिकटवून वर वाचनालयाचं नाव लिहिलं, ग्रंथपालांना फोन करून पाकीट तयार आहे, उद्या येते, असं कळवलं, आणि पाकीट खणात ठेवून ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघून गेली.

दुकानात तो आणि ते पाकीट उरले. बराच वेळ त्याने त्याकडे बघितलं नाही. मग खण उघडला, पाकीट पाहिलं, खण बंद केला. असं तीनदा झालं. उद्या ही जाणार, बारा मशिनं चालू करून येणार, आणि मग वर्षभर वाचनालयातून फोन येणार तो वहिनींसाठी. गावातली निम्मी शिकलीसवरलेली माणसं तिथे येतात. आपण कोण मग? वहिनींचे यजमान. दुकान कोणाचं, अंगठा कोणाचा, शिकवलं कोणी, हे विचारणारं कोणी उरणार नाही. आज, आत्ता, आपणच जाऊन काम उरकून आलो तर? विचार सुचला आणि त्याच्या अंगात कित्येक महिन्यांत नव्हती ती हुशारी आली.

तिचं पाकीट उचलून नेलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने निवडलेल्या पट्ट्या बसवायच्या म्हणजे तिचा हमाल व्हायचं. त्याने खालच्या फळीवरचं खोकं ओढलं, डोळे मिटले आणि एकेका पट्टीवरून अंगठा फिरवत बारा पट्ट्या काढल्या. बाराही तिसऱ्या पिढीच्या. अंगठ्याने रेसभरही चूक केली नव्हती. पट्ट्या एका कोऱ्या पाकिटात घालून आणि दुकानाला कुलूप लावून तो निघाला.

ग्रंथपालांना त्याला बघून नवल वाटलं. वहिनी उद्या येणार होत्या ना, त्यांनी विचारलं. तिला सवड नाही, तो म्हणाला, आणि मशिनं उघडायला बसला. वाचत बसलेली माणसं मान वर करून बघायला लागली हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. मग त्याने डोळे मिटले. पट्टी हातात घ्यायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, मान हलवायची आणि डोळे न उघडता ती स्लॉटमध्ये दाबायची. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन लागायच्या. चौथ्या मशीनपर्यंत पाच-सहा माणसं भोवती जमली होती. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले की याला म्हणतात हात. असं काही ऐकून त्याला किती दिवस झाले होते! एकेक मशीन बसवून चालू करून बघायचं, हा त्याचाच नियम, तिलाही त्याने तोच शिकवला होता. त्या दिवशी तो म्हणाला, सगळी एकदम चालू करू.

बारा बटणं दाबली गेली. पंखे फिरले, दिवे लागले, पडदे काळेच राहिले. मग पहिलं मशीन ओरडलं, लांब, एकसुरी. पाठोपाठ दुसरं. अर्ध्या मिनिटात "शांतता राखा" या पाटीखाली बारा मशिनं आळीपाळीने बोंबलत होती. तो इकडून तिकडे धावला, एक बंद करेपर्यंत दुसऱ्याचा आवाज चढायचा. भोवतीची माणसं एकेक करून आपापल्या खुर्चीकडे परतली. म्हातारे गृहस्थ पुस्तकात तोंड घालून हसत होते.

शेवटचं मशीन गप्प झालं तेव्हा त्याने आपली एक पट्टी काढली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा लेबल वाचलं. लांबलचक आकडा, आणि त्याच्या शेपटीला एक अक्षर. मशीनमधल्या जुन्या पट्टीवर तोच आकडा होता, पण शेपटीला यू. याच्या पट्टीवर आर. यू म्हणजे साधी, तुमच्या-माझ्या टेबलावरची. आर म्हणजे सर्व्हरची, मोठ्या कचेरीत कपाटात ठेवतात त्या मशिनांची. पिढी तीच, लांबी तीच, खाच तिथेच, म्हणून बसते झोकात, पण साधं मशीन तिला घेऊन उभंच राहत नाही. पट्टीच्या मधोमध एक जास्तीची बारीक चिप होती. अंगठा कडेवरून फिरतो, मधोमध फिरत नाही. "यांची लेबलं बघितलीत का" याचा अर्थ त्याला आता, पंधरा लोकांच्या देखत, समजला.

ग्रंथपाल जवळ येऊन उभे राहिले. ते चिडले नव्हते. "हे वहिनींनी भरलेलंच पाकीट ना?" त्यांनी विचारलं. "त्या सकाळी म्हणाल्या होत्या, तयार आहे म्हणून."

नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात. त्याच्या तोंडातून एकच निघालं. "हो. पाकीट तिनेच भरलंय. सर्व्हरच्या पट्ट्या निघाल्या त्यात. मी आपला घेऊन आलो."

"असं होय," ग्रंथपाल म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून तिच्याबद्दलचं काहीतरी पुसलं गेलेलं त्याने स्पष्ट पाहिलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला गार वाटलं. मग ग्रंथपाल म्हणाले की उद्या तुम्हीच योग्य त्या पट्ट्या घेऊन या, वहिनींना कशाला त्रास. वर्षभराचंही तुमच्याशीच बोलू. त्याने बाराही पट्ट्या काढल्या, मशिनं होती तशी करून दिली आणि बाहेर पडला. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. रस्ताभर तो स्वतःला हेच सांगत होता, आणि दर दहा पावलांनी ते पुन्हा सांगावं लागत होतं.

घरी तो काही बोलला नाही. उद्या वाचनालयात मी जाईन, एवढंच म्हणाला. आईच्या डोळ्यांच्या काळजीत ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि फोन वाजला. तो खणातून पाकीट काढत होता, फोन तिने घेतला. ग्रंथपाल मोठ्याने बोलणारे नव्हते, पण जिन्याखालच्या त्या खोलीत सगळं ऐकू यायचं. काल जरा गडबड झाली, ते म्हणत होते. पाकिटात सर्व्हरच्या पट्ट्या होत्या, असं तुमचे यजमान म्हणाले. आज यजमानच येतील, पण पट्ट्या तरी एकदा नीट बघून द्या, म्हणून आपला फोन केला. तिची नजर त्याच्या हातातल्या पाकिटाकडे गेली. ते जसंच्या तसं चिकटवलेलं होतं. मग खालच्या फळीवरच्या खोक्याकडे गेली. ते अर्धं बाहेर ओढलेलं होतं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून काढल्या तिला एवढी चूक सापडायला वेळ लागला नाही.

"हो," ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्याकडून झालं. पुन्हा नाही होणार."

तिने फोन ठेवला. ती आता ओरडेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. ती ओरडली नाही. "चुकीची रॅम देणारी बायको त्यांना चालेल," ती म्हणाली. "खोटं बोलणाऱ्या माणसाकडे कोण मशीन देईल?" मग वही पुढे ओढत ती म्हणाली, "तुम्हाला एवढंच हवं होतं तर मागायचं होतंत. मी दिलं असतं."

खरं तर इथे माणसाला लाज वाटायला हवी, आणि ती त्याला वाटलीच. पण लाजेच्या आधी वाटला तो पुन्हा हेवाच. न केलेली चूक अंगावर घेण्याचा मोठेपणाही हिनेच पटकावला. त्याच्यासाठी काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं तिने. असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पाकीट उचलून तो चालायला लागला. आज जायचं, पट्ट्या बसवायच्या, आणि ग्रंथपालांना जे झालं ते सांगून टाकायचं. निदान खरं बोलण्याचा मान तरी आपला असेल.

त्याने पट्ट्या बसवल्या, डोळे उघडे ठेवून, एकेक मशीन चालू करून बघत. बाराही झटक्यात सुरू झाली. मग तो ग्रंथपालांच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "कालच्या पट्ट्या तिने भरल्या नव्हत्या. मी माझ्या खोक्यातून काढल्या. लेबल न वाचता. तिचं पाकीट हे, आजचं. काल मी खोटं बोललो."

ग्रंथपालांनी चष्मा काढला. त्यांच्या शिस्तीच्या चेहऱ्यावर मायाळू हसू पसरलं. "अहो, सकाळी त्यांनी स्वतः फोनवर कबूल केलंय," ते म्हणाले.

तो म्हणाला, तिने मला सांभाळून घेतलं. ग्रंथपाल म्हणाले, आणि आता तुम्ही त्यांना सांभाळून घेताय. तो म्हणाला, देवाशपथ खरं सांगतो. त्याने अंगठ्याची, खोक्याची, खाचेची सगळी हकिगत सांगितली, अगदी हेव्यासकट. स्वतःच्या बायकोवर जळतो असं कोणी परक्याला आपणहून सांगेल यावर कोणाचा विश्वास बसणार? जितकं तो सांगत गेला तितकं ग्रंथपालांचं हसू मऊ होत गेलं. शेवटी त्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला म्हणाले, "बघितलंत? बायकोची चूक झाकायला माणूस स्वतःला खोटारडा म्हणवून घेतोय. नवरा असावा तर असा." कारकून उभा राहिला. कालचे म्हातारे गृहस्थ आज पुस्तक मिटून त्याच्याकडे आदराने बघत होते.

भर दालनात, पाच-पंचवीस माणसांच्या देखत, त्याचं कौतुक झालं. त्याला जिन्याखालच्या खोलीत वर्षभर ज्याची भूक लागली होती तेच हे, आणि घशाखाली उतरत नव्हतं. आपण काय केलं हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि तिसऱ्याला ते पटवणं आता कोणाच्याच हातात नव्हतं. चुकीच्या पट्ट्या देणारी बाई म्हणून ती त्या दालनात कायमची राहणार होती.

तो परतला तेव्हा ती पेन्सिल हातात धरून कुठल्याशा बोर्डावरचं बारीक अक्षर वाचत होती. तिने वर बघितलं नाही. तो आपल्या स्टुलावर बसला.

"सांगितलं मी त्यांना," तो म्हणाला. "सगळं."

"काय म्हणाले?"

खिळ्याला बांधलेल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत तो म्हणाला, "म्हणाले, नवरा असावा तर असा."

पेन्सिल थांबली. ती हसेल असं त्याला वाटलं, किंवा रडेल. तिने दोन्ही केलं नाही. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, अक्षर-अक्षर वाचावं तसं.

"मग आता व्हा तसे," ती म्हणाली.